मागती वाकळ

शालूबाईंच्या बंगल्याच्या पडवीत वाकळा जमू लागल्या तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात पहिली आवई उठली ती अशी, की सरकार आता पांघरुणांवरही पट्टी बसवणार. दुसरी आवई, विलायतेत लढाई पेटणार आहे आणि गोऱ्या शिपायांना थंडी फार वाजते. खरी गोष्ट इतकी साधी होती की तिच्यावर कोणाचा विश्वास बसेना. मुलींच्या शाळेत जन्म घालवून शालूबाई हवेसाठी पुण्याहून लोणावळ्याला राहायला आल्या होत्या, आणि मावळातल्या बायकांनी हातांनी शिवलेल्या गोधड्या जपून ठेवायच्या असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कोणी शिवली, कुणासाठी, आत कुणाचं लुगडं आणि कुणाचं धोतर, हे विचारायचं, कापडाच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी गोधडीच्या कोपऱ्याला टाचायची. "सरदारांच्या तलवारी जपतात," त्या म्हणत, "मग आमच्या गोधड्यांनी काय घोडं मारलंय?"

म्हणणं रास्त होतं, पण गावात नुसतं रास्त बोलून भागत नाही. चष्मा लावलेल्या शालूबाई दारात उभ्या राहिल्या की बायका म्हणायच्या, "आमच्यात कुटल्या आल्यात वाकळा?" आणि म्हणता म्हणता वाकळेवरच फतकल मारून बसायच्या. कस्तुराबाई सोबत जाऊ लागली तेव्हा कुठं गाडं हललं. कस्तुराबाई म्हणजे रेल्वेच्या चाळीतल्या रखमाजी गँगमनची बायको. माहेर कार्ल्याखालच्या वाडीचं, वय चाळिशीचं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. शालूबाईंनी बायकांसाठी वाचनाचा वर्ग काढला होता, तिथं ती अक्षरं शिकली आणि तिथूनच या फुकटच्या उद्योगात पडली. रखमाजी म्हणायचा, "घरची वाकळ उसवलीया आन् बाई चालल्या गावाच्या वाकळा झटकाय." पण जाऊ द्यायचा. घरात पोरबाळ नव्हतं, चार भिंतींत बसून तिनं करायचं काय, हे त्यालाही कळत होतं.

ती कुणाच्या दारात गेली की आधी पाणी मागायची, मग घरातल्या लहानग्याचं नाव विचारायची. लेकराचं निघालं की त्याच्या आजीचं निघायचं, आजीचं निघालं की तिच्या हातच्या टाक्यांचं, आणि मग वाकळ आपसूक बाहेर यायची.

जमवणं एक आणि जपणं दुसरं. लोणावळ्याची ओल लोखंडाला सोडत नाही, तिथं सुताची काय कथा! ऊन पडलं की सगळ्या वाकळा बाहेर, ऊन कललं की आत, घड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाच्या कांड्या. हे सगळं कस्तुराबाई जिवापाड करायची. त्यातली एकच वाकळ ती हात लांब करून झटकायची. मांडीवर घ्यायची नाही, अंगाला लागू द्यायची नाही. शालूबाईंना वाटायचं, धुराच्या वासामुळं असेल.

ती वाकळ दिसायला काहीच नव्हती. तान्ह्या मुलापुरती, जाड, कळकट, आणि काठानं इवली इवली ठिगळं. तिला मागती वाकळ म्हणत. जिची मुलं जगत नाहीत तिनं पदर पसरून घरोघर जुनेर मागायचं, आणि त्या मागून आणलेल्या चिंध्यांची वाकळ शिवून त्यात आपलं मूल ठेवायचं, अशी चाल होती. आपल्या घरचं एक सूतही त्यात घालायचं नाही. हे मूल आमचं नव्हेच, गावाचं उष्टंपाष्टं आहे, हे नेऊन काय करशील, असं सटवाईला भासवायचं. कार्ल्याखालच्या बयाबाईच्या सासूनं ही वाकळ अशीच मागून शिवली होती. तिचं मूल जगलं. ते चालू लागलं तेव्हा तिनं त्याच्या अंगड्याचा तुकडा वाकळेच्या काठाला शिवला आणि तशाच दुसऱ्या दुखावलेल्या बाईला वाकळ नेऊन दिली. तेव्हापासून ती फिरत राहिली. खालच्या गावांत फिरली, डोंगरावरच्या ठाकरवाडीतही गेली, कारण भिकेच्या कापडाला जात नसते. मूल चालू लागलं की ठिगळ लावायचं आणि वाकळ बयाबाईच्या घरी परत द्यायची. एकच अट कडक होती. वाकळेत एखाद्या मुलानं प्राण सोडला तर तिच्यातलं सत्त्व सरलं, ती इंद्रायणीत सोडून द्यायची.

आणि सोडायची वेळ कधी आली नव्हती. "ह्या वाकळंत येकबी पोर गेलं न्हाई," बयाबाईनं वाकळ देताना शालूबाईंना सांगितलं होतं. "आताशा कुनी मागाय येत न्हाई, दवाखान्यात जात्यात. न्या तुमी. पर कुनी मागाय आलं तर द्यायची, ही बोली." शालूबाई हरखल्या. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली : या गोधडीत एकही मूल दगावलेले नाही.

चिठ्ठी टाचायला कस्तुराबाईच्या हाती सुई दिली. तिनं मुकाट्यानं टाचली.

काठाची सगळी ठिगळं तिला ठाऊक होती. हे बयाबाईच्या मारुतीचं. हे खालच्या आळीतल्या हौशीरामाचं. हे हिरवं, लाल काठाच्या खणाचं, ते ठाकरवाडीच्या चिंगीच्या मुलीचं, हिरीचं. कस्तुराबाईच्या दगडूचं ठिगळ त्यात नव्हतं.

दगडू तिचा तिसरा. आधीचे दोन महिनाभरही टिकले नाहीत, म्हणून तिसऱ्याला नाव दिलं दगडू आणि अंगावर घातली मागती वाकळ. पोर बाळसेदार झालं, पालथं पडू लागलं, बसू लागलं. मग ते मानमोडीच्या तापाचं साल आलं. मावळात घरटी माणूस गेलं, काही घरांत तर रडायला कुणी उरलं नाही. दिवाळीनंतरच्या एका सकाळी दगडूच्या छातीत घरघर सुरू झाली. रखमाजी लाइनीवर होता. कस्तुराबाई एकटी होती आणि त्या घरघरीचा अर्थ तिला दोनदा शिकून झाला होता.

तेव्हा तिला आठवली चिंगी. ठाकरवाडीची चिंगी पोटुशी होती, तिची तीन मुलं गेली होती. बाजारच्या दिवशी ती मुद्दाम रेल्वेच्या चाळीत येऊन वाकळ बघून गेली होती. हात लावला नव्हता, नुसती बघून गेली होती. दगडू वाकळेत गेला तर वाकळ नदीत जाईल आणि चिंगीला काही उरणार नाही. कस्तुराबाईनं दगडूला वाकळेतून उचललं. त्यानं मुठीत वाकळेचा काठ धरला होता, ती मूठ तिनं एकेक बोट करून सोडवली. सारवलेल्या भुईवर त्याला ठेवलं. भुई गार होती. तो तिच्याकडं बघत होता, आणि बघता बघता बघायचा थांबला.

वाकळ न्यायला बयाबाई आली तेव्हा चार बायकांदेखत म्हणाली, "घरात वाकळ आसताना पोर उगडं भुईवर? ह्यात आसतं तर वाचलं आसतं, कस्तुरे!" बायकांनी माना हलवल्या. कस्तुराबाईनं वाकळेची घडी करून तिच्या हाती दिली. पुढं तिची कूस उजवली नाही, आणि निष्काळजीपणानं लेक घालवलेली बाई हा शिक्का कपाळी घेऊन ती वीस वर्षं जगली. चिंगीची हिरी मात्र त्या वाकळेत जगली, चालली, वाढली आणि त्याच वाडीतल्या कोंडूशी तिचं लग्नही झालं.

मानमोडीनंतरच्या विसाव्या वर्षी, भाताची झोडणी चालू असताना पुण्याहून निरोप आला. एका संस्थेनं आपल्या नव्या इमारतीत शालूबाईंच्या गोधड्यांना जागा द्यायचं कबूल केलं होतं. कायमची जागा, काचेच्या कपाटात. मागती वाकळ सगळ्यांच्या मधोमध लागणार होती. शालूबाईंचा आनंद पडवीत मावेना. कस्तुराबाईलाही बरं वाटलं, पण तिचं कारण वेगळं होतं. ही वाकळ एकदा काचेआड गेली की पुन्हा कुठल्या आईला आपलं मूल भुईवर ठेवावं लागणार नाही. हे तिच्या मनात पहिल्यापासून होतं. बयाबाईकडून वाकळ मागून आणायची गळ तिनंच शालूबाईंना घातली होती.

वाकळा बांधायला काढल्या त्या दिवशी दुपारी हिरी आली. मागं कोंडू, हातात काठी आणि तोंडाला कुलूप. हिरीचं पोट चांगलंच दिसत होतं. पायऱ्या चढून ती पडवीच्या कडेला टेकली आणि दम खाऊन म्हणाली, "बयाआजीकडं गेलते. तिनं सांगितलं, वाकळ हितं हाय. माजी दोन गेली, मावशी. आता ह्ये तिसरं."

शालूबाई मनानं मोठी बाई. त्यांनी हिरीला पाणी दिलं, दवाखान्यात स्वतः घेऊन जायचं कबूल केलं, बाळासाठी नवी उबदार गोधडी शिवून देते म्हणाल्या. हिरीनं सगळं ऐकून घेतलं. "दवाखान्यात येते," ती म्हणाली. "पर वाकळ तीच पायजे. मी त्याच वाकळंत जगले. आमच्या आईची आमी चौघं, ऱ्हायले मी येकटी."

शालूबाईंनी कस्तुराबाईकडं पाहिलं. बोली कस्तुराबाईच्या साक्षीनं झाली होती, आणि ती मोडायला त्यांची जीभ धजेना. कस्तुराबाई पुढं झाली.

"ती वाकळ आता कुनाला द्यायची न्हाई," ती म्हणाली.

हिरीनं रडारड केली नाही. समोरच्या गठ्ठ्यावर वाकळ होतीच. तिनं हात पुढं करून आपल्या हिरव्या ठिगळावर बोट फिरवलं, कोंडूच्या काठीच्या आधारानं उठली आणि त्याच्या मागं पायऱ्या उतरली. कस्तुराबाई बघत राहिली. आपण बरोबर केलं असं तिनं स्वतःला दहा वेळा सांगितलं, आणि दहाही वेळा तिला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कार्ल्याची वाट धरली. बयाबाईशी तिला भांडायचं होतं. हिरीला माझ्याकडं का पाठवलीस, वीस वर्षं तोंड शिवून बसले ते पुरेसं नाही का, असं बरंच काही तिनं वाटेत जुळवलं होतं. बयाबाई खळ्याच्या कडेला उन्हात बसून सुपातलं भात पाखडत होती. म्हातारी आता पार वाळली होती, पण सुपाचा ताल सुटला नव्हता.

"दिलीस का तिला?" तिनं मान वर न करता विचारलं.

"न्हाई दिली."

सूप थांबलं.

"न्हाई दिली, मावशी, आन् देनारबी न्हाई," कस्तुराबाई म्हणाली, आणि जुळवलेलं सगळं विसरून भलतंच बोलून गेली. "माजा दगडू भुईवर खेळत न्हवता. वाकळंतच व्हता. मी काढला त्याला. त्याचा जीव चाललाय ह्ये मला दिसत व्हतं आन् मी त्याला उचलून गार भुईवर ठिवला. तुजी वाकळ राहावी म्हनून, चिंगीला मिळावी म्हनून. तू चारचौघींत मला बोललीस. बोल. पर त्यानं काठ धरला व्हता मावशी, आन् मी त्याची मूठ सोडवली."

वीस वर्षांत हे तिनं रखमाजीलाही सांगितलं नव्हतं. सांगून झालं. ती तिथंच तुसावर बसली.

बयाबाईनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मारुतीच्या आदी मला येक लेक व्हती. धोंडी."

"मला ठावं न्हाई."

"कुनालाच ठावं न्हाई आता. तिचं ठिगळ कुटं हाय? तिलाबी मी भुईवर ठिवली, कस्तुरे. सासू दारात हुबी व्हती, माज्याकडं पाठ करून. तिनं बघितलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई. मग तिनं मला सगळ्यांम्होरं बोल लावला, पोर उगडं ठिवलंस म्हनून. मला जसा बोल लागला तसाच मी तुला लावला. दुसरं काय बोलत्यात त्ये मला म्हाईत न्हवतं. आन् भ्या वाटत व्हतं. तू खरं बोलली आसतीस तर माजंबी उगडं पडलं आसतं."

कस्तुराबाईला राग यायला हवा होता. आला नाही. समोर बसलेल्या त्या वाळक्या बाईच्या मांडीवर कधीकाळी एक मुलगी होती आणि तिचं नाव धोंडी होतं, एवढंच तिच्या मनात फिरत राहिलं.

"आनखी कितीजनींनी केलं आसंल असं?" तिनं विचारलं.

"इचारू नको. कुनी सांगायची न्हाई." बयाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "वाकळ येवढी जगली कशानं, त्ये आता कळलं न्हवं तुला?"

दोघी तिथं ऊन कलेपर्यंत बसल्या. निघताना बयाबाई म्हणाली, "काचंत ठिव न्हाईतर हिरीला दे. माजी बोली सुटली. आता तुजं तू बघ."

तुजं तू बघ म्हणणं सोपं असतं. लोणावळ्याच्या वाटेवर कस्तुराबाईच्या डोक्यात काथ्याकूट चालला. काचेत ठेवली तर हिरी काय करणार? दुसरी मागून शिवणार, आणि ती वाकळ लोकांत चालावी म्हणून वेळ आली तर पुन्हा तेच करणार. वाकळ काचेत गेली म्हणून भुई काही काचेत जात नाही. हे तिला उशिरा सुचलं, पण सुचलं.

शालूबाईंना तिनं सगळं सांगितलं. दगडूचं सांगितलं, बयाबाईच्या परवानगीशिवाय धोंडीचं सांगितलं नाही. शालूबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा पुसला.

"म्हणजे मी चिठ्ठीवर लिहिलं ते खोटं?" त्यांनी विचारलं.

"खोटं न्हाई, बाई. वाकळंत न्हाईच गेलं कुनी."

शालूबाई उठल्या. कोपऱ्याची चिठ्ठी त्यांनी स्वतः उसवली, कापडाला ओढ बसू नये म्हणून एकेक टाका कापत. वाकळेची घडी केली आणि दोन्ही हातांनी कस्तुराबाईच्या पुढं धरली. "पुण्याला काय कळवायचं ते मी बघते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या कपाटात मधली जागा मोकळी राहिली तर राहू दे. पण कस्तुराबाई, वीस वर्षं तुम्ही हे एकट्यानं कसं हो..."

ठाकरवाडीचा चढ दमछाक करणारा. कस्तुराबाई पोचली तेव्हा कोंडू मोळी टाकायला खाली गेला होता आणि हिरी झोपडीच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिनं वाकळ पाहिली. चेहऱ्यावर हसू आलं, पण हात लगेच पुढं केला नाही, कारण परवा मिळालेला नकार ती विसरली नव्हती.

कस्तुराबाई तिच्याशेजारी टेकली. "वाकळ देते," ती म्हणाली. "पर माजं येक ऐकायचं. पोराला ताप आला, धाप लागली, तर तडक लोनावळ्याला आनायचं. माज्या घरी उतरायचं, शालूबाई डाक्टरकडं न्हेतील."

"व्हय."

"आन् येवढं करून काय वाईट व्हायाचं आसंल, तर त्याला ह्यातनं काढायचं न्हाई. भुईवर ठिवायचं न्हाई. मांडीवर, वाकळंत, तुज्या छातीशी ठिवायचं. कळलं?"

हिरीनं डोळे मोठे केले. "मग वाकळ नदीत सोडाय लागंल."

"सोडू. मी येईन सोडाय."

"आन् म्होरली बाई?"

"म्होरली दुसरी मागंल. पदर पसराय घरं काय कमी हाईत? वाकळ पोरासाठी आसती हिरे, पोर वाकळंसाठी न्हाई. मला ह्ये कुनी सांगितलं न्हवतं."

हिरीनं वाकळ मांडीवर घेतली. काठावरची ठिगळं ती एकेक चाचपू लागली, आपल्या हिरव्या ठिगळापाशी थांबली, मग त्याच्या आधीचं ठिगळ पाहिलं. "मावशी, तुमच्याकडनं माज्या आईकडं आली न्हवं ही? मग तुमचं कंचं?"

"माजं न्हाई त्यात."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कस्तुराबाई थांबली नाही. तिनं सांगितलं. दगडूचं नाव सांगितलं, घरघर सांगितली, चिंगी दारात येऊन वाकळ बघून गेली होती ते सांगितलं, मूठ सांगितली. खाली दरीत झोडणीचे आवाज येत होते, आणि दूर घाटात गाडी चढत होती. हिरीचं बोट त्या हिरव्या ठिगळावर होतं, ते तिथंच राहिलं. आपण कुणाच्या जागेवर जगलो हे तिला त्या ओट्यावर कळलं.

ऊन ओट्यावरून सरकलं होतं. डोंगरावर सावली आली की गारवा लगेच चढतो.

"थंडी हाय, मावशी," हिरी म्हणाली. तिनं वाकळ उलगडली. तान्ह्या मुलापुरती ती, दोघींना पुरणारी नव्हती. तरी अर्धी स्वतःच्या पोटावर ठेवून उरलेली अर्धी तिनं कस्तुराबाईच्या गुडघ्यांवर ओढली. कस्तुराबाईनं पाय मागं घेतले नाहीत. वाकळेचा काठ तिच्या हाताखाली आला, तसा तिनं तो मुठीत धरला आणि धरून बसली.